दंडाचे कलम दाखवा, मग सही मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी मोजकी घरे आहेत. त्यांतल्या काहींकडून मध्यंतरी एका छापील कागदावर सह्या घेतल्या गेल्या. मजकूर असा: ‘माझा पाल्य शाळाबाह्य असून त्यास आठ दिवसांत शाळेत दाखल करीन. न केल्यास होणाऱ्या कायदेशीर कारवाईस मी सर्वस्वी जबाबदार राहीन.’ खाली पालकाच्या सहीसाठी रेघ. वर जावक क्रमांक नाही, तारीख नाही, कुठल्या कलमाचा उल्लेख नाही, कागद काढणाऱ्याचे नाव-हुद्दाही नाही. हाच कागद माझ्या सुनेपुढे ठेवला गेला. तिने सही केली नाही. का केली नाही आणि इतरांनीही का करू नये, ते सांगायला हे पत्र.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीची बरीच वर्षे पेठ-सुरगाण्याकडे गेली, शेवटची दिंडोरी तालुक्यात. शाळाबाह्य मुले शोधायला मी वीटभट्ट्यांवर गेले आहे, द्राक्षबागांच्या कडेला पालं ठोकून राहणाऱ्या मजुरांकडे गेले आहे. ‘पोरगी घरीच शिकतेय बाई’ असे तोंडावर सांगणारा बाप आणि त्याच्या मागे कडेवर धाकटे भावंड घेऊन उभी असलेली नऊ वर्षांची पोरगी मी पाहिली आहे. अशा दारातून मी उठत नसे. तेव्हा सरकारने घरी येऊन विचारूच नये, असे कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूची नाही. विचारलेच पाहिजे. आमच्याकडे आलेल्या तिघांनी विचारले कमी आणि धमकावले जास्त, तक्रार त्याची आहे.

संबंधित कार्यालयाचे आणि अधिकाऱ्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझा लेखी अर्ज तिथे गेलेला आहे, त्याचे उत्तर त्यांनी द्यावे. भांडण एका माणसाशी नाही.

माझी नात दहा वर्षांची. ती अडखळत बोलते. तिसरीपर्यंत शाळेत होती. हजेरीला ‘हजर बाई’ म्हणायला तिला जो वेळ लागे तो बाकीच्या मुलांना करमणुकीचा वाटे, आणि पुढे पुढे ती शाळेत पाणीही पिईनाशी झाली, कारण बाहेर जायचे तर तोंडाने परवानगी मागावी लागते. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या, पण वर्ग भरगच्च. मुलाने आणि सुनेने रीतसर दाखला काढला आणि तिला घरी शिकवायला घेतले. मला हा निर्णय तेव्हा पटला नव्हता आणि खरे सांगायचे तर आजही पुरता पटलेला नाही. मधल्या सुट्टीतली भांडणे, डब्यातली अदलाबदल, उन्हात ओळीने उभे राहण्याचा कंटाळा, हे घरी कुठून आणणार? यावर आमच्या घरी अजूनही वाद होतात. पण शिक्षण चालले आहे की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर मला शिक्षिका म्हणून देता येते. बालभारतीची पुस्तके आहेत, आईचे रोजचे ठरलेले तास आहेत. मुलगा अंबडला एका वर्कशॉपमध्ये आहे; दशांश अपूर्णांक तिने त्याच्या व्हर्नियर कॅलिपरवर नाण्यांची जाडी मोजत शिकून घेतले. नांदूर मधमेश्वरला पाहिलेल्या पक्ष्यांची तिची वही आहे, त्यात चित्र, तारीख आणि पक्षी काय करत होता ते लिहिलेले असते. लेखन तिचे वयापेक्षा पुढे आहे. बोलायचे नसले की माणूस लिहायला लागतो.

आलेल्या साहेबांनी तिला समोर उभे केले आणि म्हणाले, ‘सतराचा पाढा म्हण.’

‘सतरा त्रिक एक्कावन्न’पर्यंत ती आली. ‘चोक’ला अडकली. सुनेने सांगितले, साहेब, तिला बोलायला त्रास होतो, ती लिहून देईल. नातीने पेन्सिल हातात घेतलीही होती. ‘लिहून नको, तोंडी सांग,’ साहेब म्हणाले. परत ‘च’वरच अडकली. मग त्यांनी सोबतच्या मुलाला सांगितले, ‘घे, पाढे येत नाहीत.’ त्याने घेतले. मी शेजारीच बसले होते, तक्ता मला दिसत होता. मूल शाळेत नसण्याचे ‘कारण’ असा रकाना होता. स्थलांतर, आर्थिक अडचण, घरकाम, आजार असे पर्याय छापलेले. त्याने खूण केली ती ‘पालकांची अनास्था’ यावर. त्या वेळी समोरच्या भिंतीवर त्या अनास्थ पालकांनी पोरीबरोबर बसून रंगवलेला गोदावरीचा नकाशा लटकत होता, त्र्यंबकपासून राजमहेंद्रीपर्यंत. त्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही.

दुसऱ्याने मोबाइलवर तिचा फोटो काढला, न विचारता. तिसऱ्याला ‘मुलीची झोपायची खोली’ पाहायची होती. ती कशासाठी, ते अजून कळलेले नाही.

मग तो कागद निघाला. सही करा, नाहीतर एक लाख रुपये दंड होईल. वर, प्रकरण बालकल्याण समितीकडे जाईल, मूल ताब्यात घेतले जाईल, आणि पुढे कुठलीही शाळा तिला घेणार नाही. सुनेचा हात थरथरायला लागला. घाबरवायला ‘मूल ताब्यात’ एवढे दोनच शब्द पुरतात.

यातले कायद्यात काय आहे ते एकेक करून पाहू. मी वकील नाही, पण शिक्षण हक्क कायदा मी नोकरीत असताना लागू झाला आणि तो आम्हाला घोकून पाठ करावा लागला होता.

२००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० मध्ये पाल्याला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. हे कलम आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांनीही ते वाचलेले असावे. पण हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा सांगणारे कलम या कायद्यात नाही. एक लाखाचा दंड आहे तो कलम १८ मध्ये, आणि तो मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्याला आहे. स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर आपल्या एकुलत्या एक मुलीला शिकवणारी आई शाळा चालवत नसते. (फी घेऊन, वीस-पंचवीस मुले गोळा करून, वर ‘होमस्कूल’ची पाटी लावून बसलेले काही लोक आहेत. त्यांना कलम १८ जरूर दाखवावे, आणि त्यांनी आमच्यासारख्या घरांच्या आडोशाला उभे राहू नये.)

सक्ती कोणावर, याचे उत्तर कलम ८ च्या स्पष्टीकरणात आहे. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे शासनावरचे बंधन: मोफत शिक्षण द्यायचे, आणि प्रवेश, हजेरी व शिक्षण पूर्ण होणे याची खातरी करायची. खातरी करायला शासनाचा माणूस दारात येणार, हे त्यातूनच येते. ते मान्य. पण खातरी करणे आणि दंडाची थाप मारणे यांत फरक आहे. दंड करायचा तर तो कायद्यात लिहावा लागतो. आपल्याच जिल्ह्यातल्या कौळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता आणि तो कायद्यात उघड लिहिलेला होता. २००९ मध्ये संसदेने तसे केले नाही. ते बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण संसदेने न लावलेला दंड कोणा साहेबाला आमच्या दिवाणखान्यात बसून लावता येणार नाही.

‘पुढे कुठलीही शाळा घेणार नाही’ हे तर धडधडीत खोटे. कलम ४ नुसार शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. कलम १५ नुसार सत्र सुरू झाले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. या कलमांच्या जोरावर मी ऊसतोडीवरून परतलेली पोरे फेब्रुवारीतसुद्धा वर्गात बसवली आहेत.

बालकल्याण समितीबद्दल. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल कोणते, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सविस्तर सांगितले आहे: बेघर, भीक मागणारे, राबवले जाणारे, छळ होणारे, बालविवाहाच्या धोक्यातले. आईबापांबरोबर राहणारी, जेवूनखाऊन शिकणारी पोर केवळ घरी शिकते म्हणून त्यात कशी बसते? आणि ती बसते असे त्यांना खरेच वाटत असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ७४ ने अशा चौकशीतल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. आमच्या नातीचा फोटो त्याच संध्याकाळी ‘आज सापडलेले शाळाबाह्य’ म्हणून एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होता. माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी तो पाहून मला फोन केला, म्हणून कळले.

मग घरी शिकवणे कायदेशीर आहे का? लोक मला हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात. सरळ उत्तर असे की सर्वसाधारण मुलांच्या घरशिक्षणाबद्दल हा कायदा होय म्हणत नाही आणि गुन्हाही म्हणत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय नावानिशी दिला. आमची नात त्यात बसत नाही आणि आम्ही तसा दावाही करत नाही. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रतिज्ञापत्र देऊन, स्वखुशीने घरशिक्षणाचा मार्ग घेणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका मांडली होती. प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे, हे मला कळते. पण केंद्राने न्यायालयात असे सांगितलेले असताना खालच्या कर्मचाऱ्याने त्याच कायद्याच्या नावाने ‘मूल उचलून नेऊ’ म्हणावे, हे कशात बसते? राज्यघटनेच्या ५१-क अनुच्छेदात २००२ च्या दुरुस्तीने पालकाचे जे कर्तव्य आले, तेही मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे आहे.

परीक्षेचे म्हणाल तर वाटा उघड्या आहेत आणि त्या सरकारनेच उघडल्या आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी-आठवीच्या परीक्षा आहेत, केंद्राची मुक्त विद्यालयी संस्था आहे, आणि दहावीला शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच. ज्या शहरात गंगापूर धरणाकडे जाताना मुक्त विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद वाचायला मिळते, त्या शहरात घरी शिकणारे मूल पाहून एवढे दचकायचे कारण काय, ते ज्याचे त्याला ठाऊक.

तर सही का केली नाही, ते सांगते. सुनेच्या हातातून मी पेन घेतले आणि साहेबांना चारच गोष्टी मागितल्या: ओळखपत्र, कोणाच्या आदेशाने आलात त्या पत्राची प्रत, एक लाखाचे कलम, आणि आत्ता भरलेल्या तक्त्याची प्रत. ओळखपत्र गाडीत होते. आदेश ‘वरून तोंडी’ होता. कलम ‘नंतर कळवू’. तक्ता गोपनीय. आमच्याच घरी आमच्याबद्दल लिहिलेले आमच्यापासूनच गोपनीय! तोवर बोलता बोलता मी निवृत्त शिक्षिका असल्याचे त्यांना कळले, आणि आवाज एकदम खाली आला. ‘अहो बाई, तुम्ही तर आपल्याच खात्यातल्या, आधी सांगायचं ना.’ या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा एक लाखाने आला नव्हता. आधी सांगितले असते तर काय केले असते? पाढा लिहून घेतला असता? आणि पलीकडच्या गल्लीत, जिथे खात्यातले कोणी नाही, तिथे?

त्या पलीकडच्या घराने सही केलेली आहे. नवरा-बायको दोघे नोकरी सांभाळून मुलाला शिकवतात, वह्या मी पाहिल्या आहेत, उत्तम काम आहे. मी म्हटले, लेखी खुलासा मागा. ते म्हणाले, ‘नको काकू, उगाच नजरेत यायला नको.’ घरी शिकवणाऱ्या बहुतेकांची हीच वृत्ती आहे. आपले झाकून आपण राहावे, कोणी आले तर गोड बोलून वाटेला लावावे, फारच झाले तर ओळख काढावी. माझ्या मुलानेही त्या रात्री एका माजी नगरसेवकाचा नंबर काढला होता. मी लावू दिला नाही. त्या फोनने आमचे घर सुटले असते, कागद तसाच राहिला असता, आणि पुढच्या दारात तोच कागद घेऊन तीच माणसे उभी राहिली असती. ओळखीने मिळते ती मेहेरबानी असते, आणि ती साहेब बदलला की संपते.

म्हणून अर्ज केला. काय झाले, कोण काय म्हणाले, ते त्याच रात्री सुनेने आणि मी वेगवेगळे लिहून काढले, मग ताडून पाहिले. कार्यालयात टपाल घेणाऱ्याने ‘साहेबांना दाखवून या’ म्हणून अर्ज परत केला. पोच मागितल्यावर शिक्का सापडेना. मग स्पीड पोस्टाने पाठवला, पावती जपून ठेवली. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावून वेगळा अर्ज केला, त्यात फक्त त्या हमीपत्राचा मूळ आदेश आणि आमच्या घरी भरलेल्या तक्त्याची प्रत मागितली. ज्याच्यावर परिणाम होतो त्याला प्रशासकीय निर्णयाची कारणे द्यायची, हे त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये कार्यालयावरच बंधन आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली तक्रारही दिली. ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते आणि वर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे.

लेखी उत्तर आलेले नाही. फोन आला. ‘बाई, तुम्ही अर्ज मागे घ्या, आम्हीही तो विषय इथेच संपवतो.’ मी म्हटले, विषय संपवा, पण तसे लिहून पाठवा. त्यावर फोन ठेवला गेला.

आता कोणी म्हणेल, कर्मचाऱ्यांवर उद्दिष्टांचा ताण असतो. असतो, मी तो काढला आहे. भर उन्हात अमुक वस्तीवर जा, संध्याकाळपर्यंत आकडा कळवा, ‘निरंक’ लिहिले की वरून विचारणा. आकड्यासाठी धावताना सोपे दार आधी वाजवले जाते, हेही मला माहीत आहे. इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये चहा मिळतो, पत्ता बदलत नाही, कुत्री अंगावर येत नाहीत. वीटभट्टीवर तीन फेऱ्या मारूनही कुटुंब पुढच्या गावाला गेलेले असते. पण त्यामुळेच सांगते: आमच्या नातीचे नाव यादीत घालून आकडा वाढेल, आणि कडेवर भावंड घेतलेली ती पोरगी यादीबाहेरच राहील.

घरी शिकणाऱ्या मुलाची पाहणी कशी करावी, याची लेखी पद्धत शिक्षण विभागाने काढावी, एवढीच माझी मागणी आहे. आधी कळवून यावे. गळ्यात ओळखपत्र असावे. वह्या पाहाव्यात, कुठले मूल शिकते आहे आणि कुठले नुसतेच घरी आहे, हे कसलेल्या शिक्षकाला चार वह्या चाळल्या की समजते. मुलाला उत्तर द्यायला तोंड, हात, चित्र, जे जमेल ते चालावे. फोटो नको. शेरा जो काही मारायचा तो मारावा, प्रतिकूल असला तरी हरकत नाही, पण त्याची सही केलेली प्रत पालकाच्या हातात ठेवावी, म्हणजे पटला नाही तर दाद मागता येईल. आणि दार वाजवायचे ते खुशाल वाजवावे. आमच्याकडे मंगळवार सोडून कधीही या. मंगळवारी नात सार्वजनिक वाचनालयात असते.

ज्यांनी त्या हमीपत्रावर सह्या केल्या आहेत, त्यांनी आपली सही कोणत्या आदेशाखाली घेतली हे त्याच कार्यालयाला लेखी विचारावे. मसुदा हवा असेल तर संपादकांमार्फत कळवा, मी लिहून देईन. माझे नाव-पत्ता संपादकांकडे आहे. नातीची ओळख पुन्हा चव्हाट्यावर येऊ नये म्हणून तो छापू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक